घोट्याएवढ्या पाण्यातली फसवी

गेली दोन वर्षं भादवा सरत आला की मला राग येतो. या दिवसांत लोकांना सर्दी होते, पोरांचे डोळे येतात, कुणाला पित्त चढतं. मला राग येतो. सकाळच्या गाडीनं जालन्याहून बदनापूरला यायचं, स्टेशनवर उतरायचं आणि शाळेकडं चालायला लागायचं, हा माझा रोजचा रस्ता. रुळाला लागून एक चर आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि पोळा होऊन गेला की त्या पाण्यात ती उभी राहते. कंबरेला येईल एवढी, तांबूस दांड्याची, पानापानाच्या बगलेत एकेक पिवळं फूल धरून. वर्गात आवाज न चढवण्याबद्दल प्रसिद्ध असलेली मी विज्ञानाची बाई, तिच्याकडं बघत दातओठ खायला लागते.

राग तिच्यावर नाही, हे आधी सांगून टाकते.

परवा शाळेतल्या एक नव्या बाई माझ्यासोबत होत्या. त्यांनी नाकाला पदर लावत विचारलं, "हे गाजरगवत ना हो, मॅडम?" आता गाजरगवताचं फूल पांढरं, पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, आणि ते उगवतं कोरड्यात. हिचं फूल पिवळं, पानं साधी लांबट आणि पाय कायम पाण्यात. एकही खूण जुळत नाही, तरी आपल्या लोकांचं उत्तर गाजरगवत. ज्याला कुणी मुद्दाम लावलं नाही, ज्याला कुणी पाणी घातलं नाही आणि ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, ते सगळं गाजरगवतच. मी म्हणाले, "नाही हो, ही फसवी." त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

फसवी हे आमच्या गावचं नाव. गाव टेंभुर्णीच्या अलीकडं, जाफराबाद तालुक्यात. आमचं घर मेंढरांचं. आजोबांच्या काळात पायाला भिंगरी लावून हिंडणारं, वडिलांच्या काळात थोडी जमीन घेऊन एका जागी बसलेलं. जमीन आली तरी मेंढरं सुटली नाहीत. माझ्या मोठ्या भावाकडं, दादाकडं, आजही एक लहानसा कळप आहे. तो शेतीही करतो, पण त्याला विचारलं, "तू काय करतो?" तर तो "मेंढरं हायेत आपल्याकडं" असंच सांगतो. गावाच्या एका अंगाला तळं आणि दुसऱ्या अंगाला माळ, अशी आमच्या गावाची ठेवण. फसवी तळ्याच्या कडेला यायची. तिला हे नाव कसं पडलं ते सांगण्याआधी तिची ओळख करून देते, नाहीतर तुम्हीही गाजरगवत म्हणून मोकळे व्हाल.

फूल बघायचं तर सकाळी बघावं. पाकळ्या मोजाव्यात, चार भरतात. हळदीसारख्या पिवळ्या, टोकाला किंचित दबलेल्या. दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीतून मागची हिरवी दलं डोकावतात, तीही चारच. आपण देठ समजून जे चिमटीत धरतो तो देठ नसतोच, ते पुढं होणारं फळ असतं. दुपार कलली की पाकळ्या गळून पडतात. धक्का लागला तर दुपारचीही वाट बघत नाहीत. मागं उरते एक लांबट, शिरा असलेली तांबडी काडी आणि तिच्या डोक्यावर ती चार दलं. मसाल्याच्या डब्यातली लवंगच, फक्त अंगानं दांडगी. म्हणून पुस्तकात हिला पाणलवंग म्हणतात. हे मला बी.एस्सी.ला गेल्यावर कळलं. वाळवून कागदावर चिकटवलेली एक काळीकुळी काडी सरांनी समोर ठेवली आणि ओळखा म्हणाले. पाकळ्या कधीच्या गेलेल्या होत्या. वर्गात कुणालाच ओळखता येईना. मी काडीकडं पाहिलं आणि मला हसू फुटलं, कारण मला त्या काडीत माझी वहिनी दिसली.

दादाचं लग्न झालं त्या वर्षीचं नवरात्र. मी तेव्हा सातवीत असेन. आमच्याकडं घट बसले की रोज एक माळ चढते, आणि माळ तरवडाच्या फुलांची. तरवडही पिवळाच, पण त्याला पाच पाकळ्या, फुलं झुबक्यानं येतात, दिवसभर टवटवीत राहतात, आणि झुडूप माळावर, मुरमात, पाण्यापासून दूर. ज्याला हे माहीत आहे त्याची गफलत होत नाही. पण नव्या नवरीला कुठून माहीत असणार? आणि म्हणूनच आमच्या गावची रीत अशी, की घरात नवी सून आली की पहिल्या माळेची फुलं आणायला नणंदेनं तिला तळ्याकडं न्यायचं. पाळेवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, उभं राहायचं, खालच्या पिवळ्या पट्ट्याकडं बोट दाखवायचं आणि तोंडावरची रेषही न हलवता म्हणायचं, "तो काय, तरवड." नवरी हुशार असली, तरवडाच्या मुलखातली असली, तर ती नणंदेचा कान पिळायची. नसली तर उतरायची पाण्यात.

माझ्या वहिनीचं माहेर अंकुशनगरच्या बाजूला, उसाच्या पाण्याचं. तिकडं माळा झेंडूच्या. तरवड तिनं ऐकलेला होता, पाहिलेला नव्हता. तिनं लुगडं खोचलं, चपला माझ्या हातात दिल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात उतरली. तळपायाखालचा गाळ बोटांमधून वर येत असणार, कारण ती मधेच थांबून स्वतःशीच हसली. बेडकांनी तिच्या वाटेतून टुणटुण उड्या मारल्या. एक ढोकरी बगळी कंटाळल्यासारखी उठली आणि चार हात पलीकडं जाऊन बसली. वडील कळप घेऊन तिथंच होते; मेंढरं पाण्यात पुढचे पाय बुडवून ओळीनं पाणी पीत होती. त्यांनी सुनेला ओटीत फुलं भरताना पाहिलं आणि तोंड फिरवून घोंगडीत हसले. सासऱ्यानं सुनेला हसू नये, म्हणून तोंड फिरवलं एवढंच.

घरी येईपर्यंत वाटेवर पिवळा सडा पडलेला. आईनं दारातच विचारलं, "फुलं कुठं हायेत, सूनबाई?" वहिनीनं ओटी उघडली. आत नुसत्या काड्या. तिनं मागं वळून वाटेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तोवर आळीतल्या बायका दारादारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, कारण सगळ्यांना ठाऊक होतं आज काय होणार आहे. हसून हसून एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. रडेल असं वाटलेली वहिनी रडली नाही. तिनं एक काडी उचलली, नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "ह्या तं लवंगा दिसून राह्यल्या. फुलं गेली तं गेली, लवंगांची माळ करते मंग." आणि तिथंच उंबऱ्यावर बसून तिनं सुईदोरा मागितला. आईनं ती माळ घटावर चढवली, वहिनीच्या ओटीत नारळ घातला, आणि त्या दिवसापासून वहिनी आमची झाली. लग्न लागून पाच महिने झाले होते, पण आमची झाली ती त्या दिवशी.

आता हे वाचून कुणी म्हणेल, किती गोड. गोड होतंच. पण मला ते गोड म्हणून सांगायचं नाही. हे सगळं होण्यासाठी एक जागा लागते, ती कुठली होती ते सांगायचं आहे.

तळ्याची ती बाजू इतकी हळू उतरत गेलेली होती की उतार आहे हे डोळ्यांना कळायचं नाही, फक्त पायांना कळायचं. भादव्यात तिथं घोट्याएवढं पाणी. दिवाळीला नुसता ओला चिखल. संक्रांतीला तिथं हरभऱ्याचे घाटे भरलेले, कारण पाणी मागं सरकलं की त्या ओलीवर गावातले लोक गाळपेर करायचे. होळीला जमीन भेगाळायची आणि भेगांत फसवीचं बारीक बी जाऊन बसायचं, पुढच्या पाण्याची वाट बघत. वर्षातले काही महिने पाणी आणि काही महिने जमीन. धड हे नाही, धड ते नाही. फसवीला नेमकी अशीच जागा लागते. खोल पाण्यात ती जगत नाही, कोरड्या मुरमात तर नाहीच नाही. तिथंच लव्हाळे, तिथंच टिटवीची अंडी, तिथंच खेकड्यांची बिळं. आणि मेंढरांना पाणी प्यायची जागाही तीच. मेंढरू पाण्याला भितं. पायाखालची जमीन हळूहळू ओली होत गेली तरच ते पुढं जातं. वडील म्हणायचे, "मेंढराला तोंड बुडवायपुरतं पाणी लागतंय. खोलीशी त्याला काय करायचंय?"

गावच्या कागदोपत्री या जागेला 'चिबड' म्हणतात, म्हणजे पाणी मुरून वाया गेलेली, काही कामाची नसलेली जमीन.

दोन वर्षांपूर्वी ठरलं की तळं खोल करायचं. त्याला विरोध करणारी मी कोण? आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरच्या मागं पळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, मी स्वतः पळाले आहे. पाणी कुणाला नको आहे? मी फक्त एवढंच म्हणत होते की मधोमध खणा, हवं तितकं खोल खणा, पण कडेचा तो उतार ठेवा. त्यासाठी शाळेतून रजा काढून मी ग्रामसभेला गेले. दादा सोबत होता, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटते. मीच उभी राहिले. मेंढरांच्या पाण्याचं सांगितलं, गाळपेरीचं सांगितलं, आणि मूर्खासारखी त्या पिवळ्या फुलाचंही सांगितलं.

पंचायतीचे सदस्य भास्करराव गावच्या नात्यानं माझे भाऊ लागतात. त्यांनी फार प्रेमानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, ते फूल औषधी हाये का?"

मी म्हणाले, "आपल्या गावात कुणी औषधाला वापरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही."

"मंग दुर्मिळ हाये का? म्हंजे जगात दुसरीकडं कुठं न्हाईच, असं काही?"

"नाही. पाणी साचतं तिथं येतं. बदनापूरला रुळाच्या कडेला आहे."

"हां," ते सभेकडं वळून म्हणाले, "म्हंजे मिळून राह्यलं की बदनापूरला."

सभा हसली. मलाही तेव्हा कसनुसं हसावं लागलं, आणि त्या हसण्याचा मला आजतागायत राग आहे. काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला परत येताना गाडीत सुचलं, जसं नेहमी सुचतं. दुर्मिळ असलं तरच जगायची परवानगी, हा कुठला न्याय? आमच्या गावातला एक तरी माणूस दुर्मिळ आहे का? भास्करराव दुर्मिळ आहेत? तालुक्याला गेलं की तसले गल्लोगल्ली भेटतात. म्हणून काय त्यांना पोकलेननं उचलून टिपरमध्ये टाकायचं? उपयोग काय, उपयोग काय, असं विचारत सुटलेल्या माणसांना कधीतरी तोच प्रश्न उलटा विचारायला पाहिजे.

पण त्या दिवशीचा शेवटचा घाव वेगळाच होता. मी पुन्हा उताराचं बोलायला लागले तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही गावच्या लेकी. माहेरवाशिणीचा मान आम्ही बिलकुल कमी होऊ देणार न्हाई. साडीचोळी करू, जेवायला बोलवू. तळ्याचं तेवढं आमच्यावर सोडा." म्हणजे लेक दिली की तिचं गाव सुटलं. तिनं सणाला यावं, जेवावं, ओटी घेऊन परत जावं. ज्या चिखलात तिचं अर्धं लहानपण बुडालं, त्या चिखलाबद्दल तिनं तोंड उघडू नये. मी खाली बसले. दादा माझ्याकडं न बघता जमिनीवर बोटानं रेघा ओढत होता.

पोकलेन आलं ते सगळ्यात आधी कडेवरच आलं. का, तर टिपर उभं करायला तीच जागा सोयीची. मध्यभागाचा ओला गाळ काढायला कटकट, कडेची भुसभुशीत माती काढायला सोपी. म्हणजे ज्या मधल्या खोलीसाठी हे सगळं चाललं होतं तिला सर्वांत शेवटी हात लागला, तोही वरवर. कडा मात्र भिंतीसारख्या उभ्या कापल्या. मी त्या उन्हाळ्यात गेले तेव्हा पाळेवरून खाली बघताना विहिरीत डोकावल्यासारखं वाटलं. टिपर भरभरून जी माती वर फेकली होती तिचा काठावरच लांबलचक ढीग घातलेला. त्या मातीत फसवीचं बी असणार, खच्चून असणार. ढिगाऱ्यावर पुढच्या पावसात उगवलं काय, तर बेशरम. निदान नावानं तरी प्रामाणिक झाड आहे ते.

मग सुशोभीकरण झालं. हा शब्द मला ऐकवत नाही. काठानं तारेचं कुंपण, कुंपणाला एक फाटक, आणि फाटकावर रंगवलेली पाटी: गावाचं नाव, खाली 'पाणी खोल आहे', आणि दोन्ही बाजूंना गुलाबी कमळं. आमच्या तळ्यात कमळ कधीही नव्हतं. माझ्या जन्मात नव्हतं, वडिलांच्याही नव्हतं. जे होतं ते खरवडून काढलं आणि जे नव्हतं त्याचं चित्र काढलं. पेंटरचा तरी काय दोष, त्याला तळं म्हटलं की कमळच येतं. नव्या बाईंना गवत म्हटलं की गाजरगवत येतं, तसंच.

पहिल्या वर्षी पाऊसच रुसला, तळं अर्धंही भरलं नाही. कळप दुसरीकडं पाण्याला नेऊन दादानं वर्ष काढलं. यंदा मात्र आषाढातच तळं तुडुंब झालं. गावानं पेढे वाटले. भास्कररावांनी पाण्याबरोबर फोटो काढला. आणि श्रावणात दादाचा फोन आला. तो फोनवर कामाचं तेवढंच बोलतो. म्हणाला, "एक मेंढी गेली."

"कशानं?"

"पाणी पिऊन राह्यल्ती. कड ढासळली." मग म्हणाला, "म्या उडी घातली, पर पाय टेकायला जागाच न्हाई, माय. वर यायला बी जागा न्हाई. मला दोर टाकून काढलं तुझ्या वहिनीनं."

मी सुट्टीच्या दिवशी गेले.  तळं भरलेलं, पाणी उभ्या कडेच्या हातभर खाली. वाऱ्यानं पाणी हलतंय, ऊन त्यावर चमकतंय, आणि काठावर आमची मेंढरं उभी, माना खाली घालून, त्या पाण्याकडं बघत. पुढं जायची एकाचीही छाती होत नव्हती. वहिनी पोटावर पडून दोराची बादली पाण्यात सोडत होती, ओढून एका प्लास्टिकच्या टबात ओतत होती. टबाभोवती मेंढरांची रेटारेटी. साठी जवळ आलेली बाई, गुडघे दुखणारी, भरलेल्या तळ्याच्या काठी मेंढरांना बादली बादली पाणी पाजतेय. दुष्काळात पाणी नसतं म्हणून ओढावं लागतं, ते मी समजू शकते. हे काय होतं?

मी पंचायतीत जाऊन भांडले. या वेळी हसले नाही. भास्करराव म्हणाले, "पाटी लावली हाये की, ताई. पाणी खोल हाये म्हणून बराबर लिव्हलंय." मी विचारलं, मेंढीला वाचता येत होतं का? तर म्हणाले, "जनावरं नीट राखता आली पायजेत." माझा दादा पायाला भिंगरी बांधल्यासारखा लहानपणापासून मेंढरांमागं चालतोय, आणि त्याला राखण शिकवणार हे! मी आवाज चढवला. वर्गात कधी चढवत नाही तो सगळा साठलेला आवाज त्या दिवशी तिथं निघाला. उपयोग शून्य. परत निघाले तेव्हा वहिनी मला वाटेला लावायला आली. यंदा तिच्या घरी सून आलीय. मी विषय बदलायचा म्हणून म्हणाले, "आता घट बसतील. सुनेला पहिल्या माळेला न्यायचं ना?" वहिनी चालता चालता थांबली. "कुठं नेऊ तिला? तिथं कड ढासळून राह्यली, तिथं?" एवढंच म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

पुढं जे झालं ते मी घडवलं नाही. मी भांडून मोकळी झाले होते. ग्रामसभेत तोंड न उघडणाऱ्या दादानं ते केलं. कुंपणाच्या दोन तारा सोडवल्या, कुदळ घेतली आणि पाळेपासून पाण्यापर्यंत कड तासायला लागला. वहिनी आणि सून टोपलीनं माती उचलून पाण्याच्या कडेलाच टाकत होत्या, म्हणजे तिथं पायरीएवढं उथळ होईल. पोरगा शेतातून आला की हात लावायचा. गावातून येणारे-जाणारे उभे राहून बघायचे. एकानंही कुदळ उचलली नाही, हेही मला लिहून ठेवायचं आहे. भास्करराव आले आणि तळ्याची नासधूस चाललीय, तक्रार करतो म्हणाले. दादानं कुदळ खाली ठेवली नाही. "करा," म्हणाला. मला हे वहिनीनं फोनवर सांगितलं. गणपती बसायच्या सुमारास एक उतार तयार झाला. अरुंद, वेडावाकडा, दोन बैल शेजारी शेजारी चालणार नाहीत एवढाच. पण मेंढरं त्यावरून उतरली आणि इतक्या दिवसांनी पाण्यात पाय घालून पाणी प्याली.

अनंत चतुर्दशीला मी गावात होते. शाळेला सुट्टी आणि मनाला थारा नाही म्हणून गेले होते. संध्याकाळी गणपती निघाले. ढोल, गुलाल, पोरांचा नाच. मिरवणूक तळ्यावर आली आणि फाटकाशी थबकली. कारण खोदकामाआधी गणपती त्या चिबडावरून, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गुडघाभर पाण्यात नेले जायचे, गेल्या वर्षी पाणी तळाशी म्हणून विसर्जन इथं झालंच नव्हतं, आणि आता फाटकाच्या आत भिंतीसारखी कड होती. ढकलून द्यायचा का देव वरून? लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग कुणीतरी दादाच्या उताराकडं बोट केलं आणि सगळी मिरवणूक तिकडं वळली. पुढं भास्करराव, डोक्यावर पाटासकट घरचा गणपती. मागं गाव.

उतारावर तेव्हा मेंढरं होती. ही त्यांची पाण्याची वेळ. दादा वरच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा होता.

"सरक रे," भास्करराव म्हणाले, "जल्दी. देव हाये डोक्यावर."

दादा सरकला नाही. "आधी मेंढरं," म्हणाला.

"अरे, देवाला थांबवून राह्यला का तू?"

"देवाला तहान न्हाई लागली."

ढोल थांबला. मागच्यांना काय झालं ते कळेना, ते पुढं रेटत राहिले. मी दादाच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि माझ्या शेजारी वहिनी. मला वाटलं आता कुणीतरी काठी हिसकावेल. कुणी हिसकावली नाही. मेंढरू पाणी पिताना घाई करत नाही. एक घोट घेतं, मान वर करून इकडंतिकडं बघतं, पुन्हा तोंड घालतं. सगळा कळप तसाच, निवांत. भास्कररावांनी डोक्यावरचा पाट पुन्हा सावरला, मानेवरून घाम ओघळला. पाट क्षणभर खाली टेकवावा म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. एका बाजूला मातीचा ढीग, दुसऱ्या बाजूला तुटलेली कड, मागं गाव. टेकवण्यापुरती सपाट जागा त्या काठावर त्यांनीच शिल्लक ठेवली नव्हती.